घसारा वजा जाता

हिशेबाच्या वहीत एक फार निर्दय रकाना असतो. त्याचं नाव घसारा. वस्तू विकत घेतली त्या दिवसापासून ती दरवर्षी थोडी थोडी मरत असते, असं हा रकाना सांगतो. मी बी.कॉम. झालो तो घसाऱ्याची गणितं सोडवून, आणि गेली वीस-बावीस वर्षं बँकेत टिकून आहे तो स्वतःला घसारा लावून. आमच्या शाखेतला जुना पंखा, लाकडी कपाट आणि मी, तिघांचीही पुस्तकी किंमत आता एक रुपया उरली आहे.

त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं भाच्याकडे श्टुटगार्टला गेलो आणि त्याच्या झोपायच्या खोलीत, पलंगाशेजारी, पांघरूण घालून ठेवलेली चार चाकं पाहिली, तेव्हा माझ्यातला वाणिज्य पदवीधर खडबडून जागा झाला.

"अरे, ही कुणाची चाकं?"

"माझीच, मामा. अल्पिनाची आहेत. वीस आऱ्यांची, ओरिजिनल. जुन्या ट्यूनरचे पार्ट्स जमवतो मी."

ट्यूनर म्हणजे हार्मोनियम लावून देणारा, अशी माझी आजवरची समजूत. गाडीलाही कुणी सुरात लावतं हे मला नवीन होतं. पण जर्मनीत हा मोठा इतिहास आहे. आणि भाचा एकदा सांगू लागला की तो इतिहास टळत नाही. माझ्यावर आला, तो आता तुमच्यावर येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन माणसाच्या नशिबी जी गाडी आली ती म्हणजे फोक्सवॅगनची बीटल. 1954 नंतरच्या बीटलची ताकद होती 30 अश्वशक्ती. घाट चढताना गाडी आणि मालक दोघांनाही दम लागायचा. तेव्हा गेरहार्ड ओटिंगर नावाच्या गृहस्थाने 'ओक्रासा' या नावाने एक संच काढला. त्यात नवी सिलिंडर हेड्स आणि एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करून इंजिनाला भरवणारा आचारी. एका आचाऱ्याच्या जागी दोन आले की पंगत भराभर उठते, इतकं साधं तत्त्व.

पण माझं मन बसलं ते अल्पिनावर, कारण त्यात आमचीच कथा आहे. 1962 साली बीएमडब्ल्यूची 1500 नावाची गाडी आली, 80 अश्वशक्तीची. लोकांनी घेतली. पुढच्याच वर्षी कंपनीने 1800 आणली, 90 अश्वशक्तीची. आता 1500 वाल्यांचं काय झालं असेल ते कुठल्याही बँक कारकुनाला विचारा. आपण परीक्षा देऊन चिकटावं आणि वर्षभराने लागलेल्याला वरची वेतनश्रेणी मिळावी, तशी गत! बुर्कार्ड बोवेनझीपेन या तरुणाने 1500 साठी दोन वेबर कार्ब्युरेटरांचा संच तयार केला आणि अन्याय झालेल्यांना घरबसल्या बढती दिली. हे काम इतकं चोख होतं, की 1964 मध्ये बीएमडब्ल्यूने स्वतःच सांगितलं, हा संच बसवला तरी आमची हमी कायम. आणि 1965 साली कौफबॉयरन गावात अल्पिना ही त्याची कंपनी उभी राहिली. तिच्या बोधचिन्हात आजही एका बाजूला कार्ब्युरेटर आणि दुसऱ्या बाजूला क्रँकशाफ्ट आहे.

"आणि मामा, अल्पिना हे नाव आलं कुठून माहितीये? त्याच्या वडिलांचा ऑफिसच्या यंत्रांचा कारखाना होता. टाइपरायटर बनवायचे ते. त्या टाइपरायटरचं नाव अल्पिना."

मी एकदम गप्प झालो. का, ते पुढे सांगतो.

तिसरी कथा दोन नोकरदारांची. आउफरेख्ट आणि मेल्शर हे डाइमलर-बेंझमध्ये शर्यतीच्या इंजिनांवर काम करत. साहेबांनी शर्यती बंद केल्या. तेव्हा या दोघांनी ऑफिस सुटल्यावर घरी इंजिन खोलून काम चालू ठेवलं. (आम्ही ऑफिस सुटल्यावर ऑफिस विसरतो. म्हणून आमच्या नावाची गाडी निघाली नाही.) 1967 साली बुर्गश्टालमधल्या एका जुन्या गिरणीत त्यांनी स्वतःचा उद्योग मांडला. आउफरेख्टचा ए, मेल्शरचा एम आणि आउफरेख्टच्या ग्रोसआस्पाख या जन्मगावाचा जी, मिळून एएमजी. आपल्याकडे आडनावाला गाव चिकटतं, तिथे कंपनीला चिकटलं. 1971 साली बेल्जियममधल्या स्पाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांची लालभडक, अवाढव्य मर्सिडीज उतरली. हिला बघून लोक हसले असतील, पण ही बया आपल्या गटात पहिली आणि एकूणांत दुसरी आली.

"मग ती गाडी आता म्युझियममध्ये असेल," मी म्हणालो.

"छे! ती विकून टाकली मात्रा नावाच्या फ्रेंच कंपनीला. विमानाचे टायर तपासायला वापरली त्यांनी. नंतर ती मूळ गाडी गेली ती गेलीच. आता आहे ती नक्कल."

दुर्मीळ वस्तू कशी तयार होते, याचं उत्तर मला इथे मिळालं. ती कारखान्यात दुर्मीळ म्हणून तयार होत नाही. तिला दुर्मीळ आपण करतो. हे सुटे भाग मुळातच थोडे निघाले. ज्यांनी घेतले त्यांनी जोरात गाड्या हाकून निम्मी इंजिनं फोडली. उरलेल्या गाड्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे कवडीमोलाने गेल्या, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजल्या, आणि ओक्रासाच्या हेडसकट, अल्पिनाच्या कार्ब्युरेटरसकट भंगारात निघाल्या. तेव्हा कुणी हळहळलं नाही. पुस्तकी किंमत शून्य होती ना!

मग सरकारने चमत्कार केला. 1997 पासून जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या, नीट राखलेल्या गाडीला नंबरच्या शेवटी एच अक्षर मिळतं. मोटारीला कर वर्षाला 191 युरो 73 सेंट, ठोक. (ते शेवटचे 73 सेंट ज्याने लावले, तो माणूस आमच्या बँकेत शोभला असता.) पण अट अशी, की गाडीत फेरफार केलेच असतील तर ते तिच्या तरुणपणात शोभणारे हवेत, साधारण पहिल्या दहा वर्षांतले. म्हणजे आजचं नवंकोरं चाक लावलं की एच धोक्यात, आणि 1980 च्या दशकातलं ओरखडे पडलेलं चाक लावलं की साहेब खूश. शिवाय प्रत्येक फेरफार तपासून गाडीच्या कागदावर चढवावा लागतो. त्यामुळे चाकापेक्षा चाकाचा कागद मोलाचा. नकली मालही पुष्कळ. म्हणून ओतकामातला क्रमांक, शिक्का, जुनी पावती सगळं ताडून पाहायचं. मला तर भरून आलं. ज्या देशात पावती जपून ठेवणारा माणूस शहाणा समजला जातो, तो देश नक्कीच प्रगत आहे.

रविवारी भाचा आम्हाला मानहाइमला घेऊन गेला. तिथे दर ऑक्टोबरात वेटेरामा नावाचा जुन्या गाड्यांचा बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार धुऊन, इस्त्री करून मांडला तर जसा दिसेल, तसा. भाच्याला हवी होती एक किल्ली. अल्पिनाच्या या चाकांत हवा भरायची जागा मधल्या टोपीखाली लपवलेली असते आणि टोपीला कुलूप. त्याच्याकडे चार चाकं होती, चार टोप्या होत्या, किल्ली नव्हती. म्हणजे हवा गेली तर पंक्चरवाल्याआधी किल्लीवाला गाठायचा. तीन तास तो खोक्यांत हात घालत फिरला आणि ही त्याच्यामागे, "अरे, दोन घास खाऊन तरी घे," म्हणत.

मी एका म्हाताऱ्याच्या मांडवाशी थबकलो होतो. त्याच्याकडे अल्पिनाचं एक स्टिअरिंग होतं, त्याभोवती गर्दी. त्याची किंमत ऐकून मी चार पावलं मागे सरलो आणि कशावर तरी आपटलो. खाली टेबलाच्या पायाशी एक टाइपरायटर होता. वरती नाव, अल्पिना. तोच घराणं आणि तोच कारखाना, पण त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

माझे वडील कचेरीबाहेर टाइपिंग करत. रेमिंग्टनवर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. त्या यंत्रावर माझी फी निघाली, ताईचं लग्न निघालं, मी बी.कॉम. झालो. 2011 साली आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा वडील जाऊन वर्ष झालं होतं. जागा कमी होती. मी तो रेमिंग्टन भंगारवाल्याला दीडशे रुपयांना दिला. वजनावर. वर त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीसही केली. घसारा वजा जाता बरी किंमत आली, असं तेव्हा हिला म्हणालो होतो. ही काहीच बोलली नव्हती.

म्हाताऱ्याने वीस बोटं दाखवली, दोन हप्त्यांत. मी वीस युरो दिले. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही.

"अहो, हे नेणार कसं?" हिने विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं, माझ्या बॅगेतली चॉकलेटं काढते."

भाच्याला किल्ली मिळाली नाही. तो अजून शोधतो आहे. सापडली तर त्याचं काय होईल याची मला काळजी वाटते.

टाइपरायटर आता आमच्या बैठकीत आहे. जर्मन कळफलक, वायच्या जागी झेड. 'युवर्स फेथफुली' टाइप केलं तर सहीच्या वर शिवी असावी असं काहीतरी उमटतं. पण वडिलांनी मला सातव्या वर्षी मांडीवर घेऊन डाव्या हाताची बोटं ठेवायला शिकवली होती, ए एस डी एफ. परवा रात्री सगळे झोपल्यावर मी बोटं ठेवून पाहिली. ती चार अक्षरं तिथेच होती.