फाटकावरचा दुखिया

‘अछूत कन्या’ची गोष्ट आमच्या घरात कस्तुरीची म्हणून कधी सांगितलीच गेली नाही. ती दुखियाची गोष्ट होती. आजोबा जीआयपी रेल्वेत, चाळीसगाव-भुसावळ मार्गावरच्या एका फाटकावर गेटमन होते, आणि दुखियाही गेटमन. आपली गुमटी, आपला कंदील, आपली झेंडी पडद्यावर दिसू शकते, हे त्यांना तंबूतल्या त्या सिनेमातच कळलं.

बॉम्बे टॉकीजने १९३६ साली काढलेला हा चित्रपट. स्टुडिओ मालाडचा, कथा निरंजन पाल यांची, दिग्दर्शक जर्मन, फ्रान्झ ऑस्टेन. मोहन ब्राह्मण, दुकानदार. त्याला साप चावतो तेव्हा दुखिया तोंडाने विष ओढून त्याचा जीव वाचवतो आणि दोघांची मैत्री जडते. त्यांची मुलं, मोहनचा प्रताप आणि दुखियाची कस्तुरी, एकमेकांना जीव लावतात. लग्न मात्र जातीपायी होत नाही. पुढे दुखिया आजारी पडतो, मोहन त्याला स्वतःच्या घरात आणतो, आणि गाव चालून येतं. मोहनला मारहाण होते, घर पेटवतात.

इथे आजोबांचा आवाज बदलायचा. जखमी मोहनला डॉक्टर मिळावा म्हणून दुखिया लाल झेंडी दाखवून गाडी थांबवतो. आम्हा पोरांना त्यात विशेष काही वाटत नसे. आजोबा सांगत, रूळ तुटला, फाटकात बैलगाडी अडकली, तरच लाल झेंडी. दोस्त मरणाला टेकला म्हणून गाडी थांबवायची नसते, आणि दुखियाला ते पक्कं ठाऊक होतं. त्याची नोकरी जाते. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या नोकरीने गावाच्या मर्जीबाहेरची भाकर दिली होती. तीच त्याने मित्रासाठी सोडली.

आजोबांचाही एक सवर्ण मित्र होता. रात्री गुमटीत येऊन बसायचा, त्यांच्या माठातलं पाणी प्यायचा. दिवसा बाजारात ओळख दाखवायचा नाही. त्याच्याविषयी आजोबा वाईट बोलत नसत. मोहनने दुखियाला दिवसाढवळ्या घरात नेलं, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत.

शेवटी कस्तुरी गाडीखाली जाते आणि तिचं स्मारक उभं राहतं. मला हा शेवट मान्य नाही. मैत्रीची किंमत बापांनी मोजली होती. मुलीचा बळी देऊन तिला देवी करण्यात अन्यायाला सोपी सुटका मिळते. चित्रपट आला त्याच वर्षी मे महिन्यात, मुंबईतच, नायगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकर धर्मांतराची भूमिका मांडत होते. चित्रपट सवर्णांच्या मनाला पाझर फोडू पाहत होता. बाबासाहेबांनी त्या पाझराची वाट पाहणं सोडलं होतं.

तरीही तो गाडी थांबवण्याचा प्रसंग आपल्या सिनेमातल्या मैत्रीच्या कुठल्याही प्रसंगापेक्षा मला मोठा वाटतो. ‘अछूत कन्या’ म्हटलं की लोकांना देविका राणी आणि अशोककुमार आठवतात. दुखियाचं काम कामताप्रसाद यांनी केलं होतं.