घंटा फोडली नाई, टांगली

यंदा पावसाळा सरला की आम्हा भावंडांचं वाशीमहून नाशिकला जायचं ठरलं आहे. सिंहस्थाची मुख्य स्नानं 2027 च्या पावसाळ्यात आहेत. त्या गर्दीत रामकुंडावर पाय ठेवायला जागा मिळणार नाही, म्हणून आधीच जाऊन यायचं. देवदर्शन होईलच, पण आमच्या यादीत पहिलं नाव आहे नारोशंकराच्या घंटेचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ही घंटा आमच्या कानांवर इतकी घातली आहे, की ती न पाहता आमची पिढी सरली तर ते ऋण डोक्यावर राहील.

आजी 1968 च्या सिंहस्थाला गेली होती. तेव्हा वाशीमहून अकोल्यापर्यंत मीटरगेजची छोटी गाडी, अकोल्याला उतरून मोठ्या गाडीची वाट पाहायची आणि मग भुसावळ, मनमाड करत नाशिक रोड. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गावातल्या बायांचा मेळा. 2008 मध्ये पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला, पण वाट तीच राहिली. आम्हीही अकोल्यावरूनच जाणार आहोत. आजी परत आली ती गंगेचं पाणी आणि घंटेची गोष्ट घेऊन. (नाशिककरांसारखी आमची आजीही गोदावरीला गंगाच म्हणे.)

ती सांगे, "लढाई त्याइनं जिंकली, पन घंटा फोडली नाई बाप्पा, देवापाशी टांगली."

लढाई कोणती, ते आमच्या घरातले आबाजी सांगत. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल 1534 पासून, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक. चिमाजी अप्पांच्या फौजेनं 1739 च्या उन्हाळ्यात किल्ल्याला वेढा आवळला. तटाखाली सुरुंग लावले, हल्ले चढवले, माणसं पडली, तरी किल्ला हाती येईना. तेव्हा अप्पा म्हणाले, मला तोफेच्या तोंडी बांधा, निदान माझं शिर तरी किल्ल्यात पडू द्या. इथे आबाजींचा आवाज दर वेळी चढायचा. ही आख्यायिका मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या अशीच सांगितली जाते. मे महिन्यात किल्ला पडला. ठरलेल्या अटींप्रमाणे पोर्तुगीज आपली शस्त्रं आणि बायकामुलं घेऊन बाहेर पडले. अप्पा पुढे जेमतेम दीड वर्ष जगले. 1740 च्या डिसेंबरात ते गेले.

वसईच्या चर्चमधल्या घंटा मात्र देशावर आल्या. हत्तीवरून मिरवत आणल्या, असं आजी सांगे. त्यांतली एक नारोशंकरांकडे आली. नारोशंकर दाणी, राजेबहादर, हे पेशव्यांचे मातबर सरदार. झाशीचा सुभा त्यांनी सांभाळला, पानिपतच्या वेळी दिल्लीचा बंदोबस्त त्यांच्याकडे होता. मालेगावचा भुईकोट किल्लाही त्यांचाच. आमच्या वाशीम जिल्ह्यातही मालेगाव आहे. त्यामुळे आबाजी दर वेळी बजावत, "हे मोसम नदीवरचं मालेगाव, शिरपूरच्या वाटेवरचं नव्हे."

1747 मध्ये नारोशंकरांनी पंचवटीत गोदाकाठी रामेश्वराचं देऊळ बांधलं. लोक त्याला नारोशंकराचं देऊळच म्हणतात. त्याच्या भिंतींवर दगडात कोरलेले मोर आहेत, आणि त्यांच्या चोचींत माळा. देवळाभोवती तट आहे, आणि नदीकडच्या बाजूला तटावर दगडी घंटाघर. त्यात वसईची ती घंटा आहे. जवळच नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावरून नाशिककर पूर मोजतात. आणि महापुराची गोष्ट निघाली की पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत गेलं का, असं विचारलं जातं. आजी जाऊन आली, त्याच्या पुढच्याच वर्षी, 1969 मध्ये, नाशिकला मोठा महापूर आला. ती बातमी ऐकून तिनं सगळ्यांत आधी घंटेचीच चौकशी केली होती, असं आई सांगते.

अशीच दुसरी घंटा वाईजवळ मेणवलीला आहे. कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा, त्याखाली घाट, आणि घाटावर एका लहानशा दगडी बांधणीत टांगलेली घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल. भीमाशंकरच्या देवळापुढेही वसईचीच म्हणून सांगतात ती मोठी घंटा आहे.

मला आजीचं वाक्य मोलाचं वाटतं ते इथे. त्या काळी धातूला केवढी किंमत! घंटा वितळवून तोफ ओतणं अवघड नव्हतं. तशा काही वितळवल्याही असतील. पण ज्या उरल्या, त्या जशाच्या तशा राहिल्या. मेणवलीच्या घाटावर स्नानाला येणाऱ्या माणसानं मेरीची आकृती पाहिली, तिच्याखालून गेला, महादेवापुढे हात जोडले. ती आकृती घासून काढावी असं अडीचशे वर्षांत कुणाला वाटलं नाही. विजयाची खूण जपताना ज्याच्यावर विजय मिळवला त्याचीही खूण जपली गेली. आमच्या घरच्या अशिक्षित बाईनं हे एका वाक्यात सांगितलं. वसईचा अभिमान धरणाऱ्या प्रत्येकानं तो असाच, पुरता धरावा.

म्हणून आम्ही फार लांबलचक बेत केलेला नाही. एक सकाळ फक्त नारोशंकराच्या देवळासाठी ठेवायची. घंटाघर आधी नदीच्या बाजूनं पाहायचं, मग आत जाऊन. भाच्यांना तिथेच वसईची हकिकत सांगायची, आजी सांगे त्या ओघात, पण सनावळी नीट धरून. जमलं तर हिवाळ्यात मेणवली.

तुम्हीही नाशिकला जाल तेव्हा रामकुंड आणि काळाराम करून घाईनं परत फिरू नका. चार पावलांवर नारोशंकराचं देऊळ आहे. आणि निघण्याआधी घरातल्या थोरांपाशी घटकाभर बसा. त्यांनी काय पाहिलं, काय ऐकलं, ते विचारा आणि लिहून ठेवा. दगडी घंटाघराची डागडुजी करता येते, पण सांगणारं माणूस गेलं की त्याची गोष्ट पुन्हा मिळत नाही.