दृष्टिलाभ : ख्रिस्ती श्रद्धाप्रवेशाची कल्पना

देवाची करणी डोळ्यांसमोर घडत असूनही ती न ओळखणाऱ्या मनाला ख्रिस्ती धर्मविचारात आंधळे म्हटले जाते. येशूवर विश्वास बसणे म्हणजे त्या मनाला दृष्टी येणे. या कल्पनेचा मुख्य आधार म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय. येशू थुंकीने चिखल करून एका जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यात धुऊन यायला सांगतो. चमत्कार दोन-चार ओळींत उरकतो. पुढचा बहुतेक अध्याय उलटतपासणीत जातो. परुशी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, त्या माणसाला दोनदा बोलावतात, आईबापांनाही साक्षीला उभे करतात. सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या धाकाने आईबाप अंग काढून घेतात. बरा झालेला माणूस येशूला आधी नुसता एक मनुष्य म्हणतो, मग संदेष्टा, आणि अखेरीस त्याच्या पाया पडतो. शास्त्र जाणणारे मात्र जिथल्या तिथे. आंधळेपणाचा ठपका इथे येतो तो स्वधर्मातल्या पंडितांवर, परधर्मीयांवर नव्हे. पुढच्या काळात अनेक धर्मप्रचारकांना याचा सोयीस्कर विसर पडला.

दृष्टी येते ती झटक्यात की हळूहळू? बायबलमध्ये दोन्ही नमुने आहेत. दिमिष्काच्या वाटेवर प्रकाशाने दिपलेला शौल (पुढचा पौल) तीन दिवस आंधळा राहिला आणि हनन्याने हात ठेवताच त्याच्या डोळ्यांवरून खपल्यांसारखे काहीतरी गळून पडले. याउलट मार्कच्या आठव्या अध्यायातल्या बेथसैदाच्या आंधळ्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. नीट दिसायला दुसरा स्पर्श लागला. प्रचारसभांतून पौलाची गोष्ट अधिक सांगितली जाते. मराठी ख्रिस्ती माणसांची आत्मकथने वाचली की वाटते, आपली मंडळी बेथसैदाच्या वाटेने गेली.

बेळगावात 1831 मध्ये जन्मलेले बाबा पदमनजी मुंबईत शिकत असताना जातिभेद न मानणाऱ्या गुप्त परमहंस मंडळीच्या संपर्कात आले. जुन्यावरचा विश्वास उडाला, नव्याचा हात धरायला धीर होईना, अशी काही वर्षे गेली आणि 1854 मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते ‘अरुणोदय’. त्यात नुसता साक्षात्कार नाही. वाचन, वाद, घरच्यांचे रडणे-समजावणे हे सारे आहे.

सर्वांत बारकाईने हा प्रवास नोंदवला पंडिता रमाबाईंनी. आसामात असताना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली. पतीच्या निधनानंतर 1882 मध्ये त्या पुण्यात आल्या. तिथे, आणि पुढे इंग्लंडमध्येही पत्रांतून, स्वतः ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादांचा त्यांच्यावर परिणाम झाला. पण मन वळले ते लंडनच्या फुलहॅममधले, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले आश्रयस्थान पाहून. या बायकांना कोणी इतक्या मायेने का वागवते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरादाखल त्यांना योहानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट इथे संपायला हवी होती. रमाबाईंनी मात्र पुढे लिहून ठेवले की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे लागली. 1891 च्या सुमारास त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचले. हा गृहस्थ व्यासपीठावर प्रवचन करता करता, स्वतःच्याच शब्दांनी, श्रद्धावान झाला होता! बाप्तिस्मा झालेला, पाळकपद भूषवणाराही आंधळा असू शकतो, हे तिथे त्यांना उमगले.

कवी नारायण वामन टिळकांची सुरुवात रेल्वेच्या डब्यात झाली. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी वाचायला घेतले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र तो घाव होता. त्यांनी पाच वर्षे घेतली, आणि त्यांचा अडसर सैद्धान्तिक नव्हता, तो पाण्याचा आणि पानाचा होता: कोणाच्या हातचे खायचे, कोणाच्या घरचे प्यायचे? जाती देवाने केल्या की माणसाने, या विचाराशी झगडून त्यांनी सोवळे सोडले. बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला तो भाग कुठल्याही धर्मशास्त्रीय ग्रंथापेक्षा जास्त सांगून जातो.

मुंबईच्या उपनगरांत चित्र वेगळे आहे. साष्टीतल्या कोळी, कुणबी, भंडारी वस्त्या सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली गावेच्या गावे ख्रिस्ती झाल्या. मिशनऱ्यांच्या उत्साहाइतकाच सत्तेचा दाबही त्यामागे होता. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात फ्रान्सिस्कनांनी चर्च थाटले. तिथे नटराजाचे शिल्प आजही आहे आणि एका भिंतीवर कोरलेला क्रूसही. अंधेरीत मरोळजवळ जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलेल्या सेंट जॉन चर्चचे अवशेष सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या आवारात उभे आहेत. त्या गावांचे वंशज म्हणजे मराठीची बोली बोलणारे ईस्ट इंडियन. त्यांना श्रद्धा घरातून मिळते, बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. साक्षात्काराची तारीख कोणी विचारत नाही.

प्रौढ वयात येणाऱ्यांसाठी कॅथलिक चर्चमध्ये रीतसर पूर्वतयारी असते. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी त्यांच्यासाठी जन्मांधाचाच उतारा वाचला जातो, आणि स्नानसंस्कार होतो ईस्टरच्या आदल्या रात्री.

या रूपकावर आक्षेपही आहेत. दुसऱ्याच्या धर्माला अंधार म्हणण्यातला उद्धटपणा एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी लिखाणात सर्रास दिसतो. शिवाय ज्यांना खरोखर दिसत नाही त्यांचे काय? योहानातला येशू जन्मांधत्वाचा पापाशी संबंध स्पष्ट नाकारतो, तरी व्यासपीठावरून तो जोडला जातोच. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींसाठी बार्तीमय या यरीहोच्या आंधळ्याच्या नावाने सदन होते, पण तिथला भर होता ब्रेल आणि हातकामावर.

आता घाटकोपर-मुलुंडसारख्या भागांत भाड्याच्या हॉलमध्येही पेंटेकोस्टल मंडळ्या भरतात. तिथे प्रत्येकाने उभे राहून आपली ‘साक्ष’ द्यायची असते: आधी कसा होतो, प्रभू कधी भेटला. तान्हेपणीचा बाप्तिस्मा या मंडळ्या सहसा धरत नाहीत. विश्वास बसल्यावर पाण्यात पूर्ण बुडवून तो नव्याने देतात. कॅथलिक चर्चच्या मते मात्र बाप्तिस्मा एकदाच होतो, पुन्हा देता येत नाही. त्यामुळे एखाद्या कॅथलिक घरातला मुलगा अशा मंडळीत जाऊन पाण्यात उतरला, की वाद त्याच्या श्रद्धेवरून होत नाही. आजवर तू कोण होतास, यावरून होतो.