कादिझ : तीन बाजूंनी समुद्र, चौथ्या बाजूला गाणे

स्पेनला जाणारा भारतीय पर्यटक माद्रिद आणि बार्सिलोना पाहतो. दक्षिणेत उतरलाच तर सेव्हिल आणि ग्रानादा करून माघारी फिरतो. सेव्हिलहून रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येईल अशा कादिझकडे मात्र फार थोडे वळतात. अटलांटिक महासागरात घुसलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीच्या टोकाला हे शहर वसले आहे. नकाशात ते मुठीसारखे दिसते आणि मनगटाएवढ्या वाटेने मुख्य भूमीशी जोडलेले असते. पुस्तकात कादिझ, माद्रिदकरांच्या तोंडी कादिथ, आणि खुद्द तिथल्या माणसांच्या बोलण्यात शेवटची अक्षरे गिळून नुसते ‘काई’.

पश्चिम युरोपातील सलग वस्ती असलेल्या सर्वांत जुन्या शहरांत कादिझची गणना होते. परंपरेने त्याची स्थापना इ. स. पू. ११०४ मध्ये झाल्याचे मानले जाते. उत्खननातून मिळालेले पुरावे मात्र इ. स. पू. नवव्या-आठव्या शतकापर्यंतच जातात. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून आलेल्या फिनिशियन व्यापाऱ्यांनी येथे ‘गादिर’ वसवले. या शब्दाचा अर्थ तटबंदीची जागा, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘कोट’ म्हणतात तेच. रोमनांनी त्याचे ‘गादेस’ केले, अरबांनी ‘कादिस’.

हा इतिहास पाहायचा तर जमिनीखाली उतरावे लागते. ‘तिआ नोरिका’ हे कळसूत्री बाहुल्यांच्या जुन्या परंपरेचे नाव. त्या नावाच्या नाट्यगृहाखाली, रस्त्याच्या पातळीपासून सुमारे नऊ मीटर खोल, फिनिशियन वस्तीच्या गल्ल्या, घरे आणि चुली उघड झाल्या आहेत. हे स्थळ २०१४ पासून लोकांना पाहता येते. इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन रंगमंडल १९८० मध्ये, जुनी गोदामे आगीत जळाल्यानंतर, मातीखालून वर आले.

वस्तुसंग्रहालयातील दोन शवपेटिकांची कथा तर कादंबरीत शोभावी अशी आहे. १८८७ मध्ये पुरुषाकृती कोरलेली संगमरवरी फिनिशियन शवपेटिका सापडली. तिच्या जोडीची स्त्रीची पेटिकाही असलीच पाहिजे, या खात्रीने पुरातत्त्वज्ञ पेलायो किन्तेरो यांनी शहरात वर्षानुवर्षे खणले. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८० मध्ये एका इमारतीचा पाया खणताना ती स्त्री सापडली. किन्तेरो ज्या घरात राहत होते, त्याच जागेखाली ती होती असे गावात आवर्जून सांगतात. आज दोन्ही पेटिका एकाच दालनात शेजारी शेजारी आहेत.

शहराचे आजचे रूप मात्र अठराव्या शतकाचे आहे. कोलंबसची दुसरी सफर १४९३ मध्ये येथूनच सतरा जहाजांनिशी निघाली होती. १५९६ मध्ये इंग्रज आणि डच आरमाराने शहर लुटून जाळले. पुढे १७१७ मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचे नियमन करणारी सरकारी कचेरी सेव्हिलहून येथे हलली आणि कादिझचे नशीब पालटले. व्यापाऱ्यांनी वाडे बांधले आणि प्रत्येकाच्या गच्चीवर एक मनोरा उभारला, दुर्बिणीतून आपले जहाज ओळखण्यासाठी. असे सव्वाशेच्या आसपास मनोरे अजून शाबूत आहेत. त्यांतला ‘तोरे ताविरा’ १७७८ पासून बंदराचा अधिकृत टेहळणी बुरूज होता. १९९४ पासून तेथे ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ आहे. अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या गोलाकार पडद्यावर भिंग आणि आरशाच्या साह्याने शहराचे हलते चित्र उमटते. गच्चीवर वाळणारे कपडेही त्यात फडफडताना दिसतात. या वैभवात गुलामांच्या व्यापाराचाही वाटा होता, हे वाड्यांच्या कमानी पाहताना विसरता येत नाही.

हे वैभव ओसरले कसे, ते कॅथीड्रलच्या भिंतीच सांगतात. बांधकाम १७२२ मध्ये सुरू झाले आणि १८३८ मध्ये संपले. खालचा भाग संगमरवराचा, वरचा साध्या दगडाचा. मधल्या काळात अमेरिकेतून येणारा पैसा आटला होता. खाऱ्या हवेने छताच्या दगडांचे कपचे निघतात, म्हणून आत वर जाळी ताणलेली असते. तळघरात संगीतकार मानुएल दे फाया यांची समाधी आहे. गावातल्या जुन्या भिंती नीट पाहिल्या तर दगडात शिंपले दिसतात. या स्थानिक दगडाला ‘ओस्तिओनेरा’ म्हणतात. गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर जुन्या तोफा उभ्या रोवल्या आहेत, वळणाऱ्या घोडागाड्यांची चाके घरांना घासू नयेत म्हणून.

सान फेलिपे नेरी या लंबवर्तुळाकार प्रार्थनास्थळापाशी थोडे थांबावे. नेपोलियनच्या फौजांनी जवळजवळ सारा स्पेन व्यापला असताना, १८१० ते १८१२ या काळात, कादिझने वेढ्याला दाद दिली नाही. त्या वेढ्यातच अमेरिकेतील आणि फिलिपाइन्समधील प्रतिनिधींसह येथे भरलेल्या सभेने १९ मार्च १८१२ रोजी स्पेनची राज्यघटना जाहीर केली. सार्वभौमत्व राजाकडे नव्हे तर राष्ट्राकडे, असे ती सांगत होती. आफ्रिकी वंशाच्या प्रजेला तिने सरसकट नागरिकत्व दिले नाही, हेही नोंदवले पाहिजे. तो दिवस संत जोसेफचा आणि स्पेनमध्ये होसेचे लाडके नाव ‘पेपे’, म्हणून घटनेला लोक ‘ला पेपा’ म्हणू लागले. राजा सातव्या फर्नांदोने १८१४ मध्ये ती रद्द केली, पण तिचे पडसाद दूरवर गेले. पोर्तुगालमधील १८२० च्या क्रांतीपुढे याच घटनेचा नमुना होता आणि त्या क्रांतीनंतर लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यातून प्रतिनिधी निवडले गेले. त्यांत बेर्नार्दो पेरेस द सिल्वा हे गोमंतकीयही होते.

जुन्या गावाच्या पश्चिमेला ‘ला विन्या’ ही कोळ्यांची वस्ती. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनच्या महाभूकंपानंतर समुद्र आत घुसला, तेव्हा ला पाल्मा चर्चमधून निशाण बाहेर आणले गेले आणि पाणी तेथेच थांबले, अशी श्रद्धा आहे. त्या स्मरणार्थ दरवर्षी १ नोव्हेंबरला मिरवणूक निघते. त्याच सुमारास मध्यवर्ती बाजारात वेगळीच गंमत असते. गाळेवाले कोंबड्यांना, मासळीला, फळांना कपडे चढवून त्यांची पुढाऱ्यांसारखी सोंगे मांडतात.

खाण्यात मासळी मुख्य. ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ हा पदार्थ मराठी माणसाला परका वाटणार नाही. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या पिठात बारीक कोळंबी, कांदा आणि पार्सली घालून तळलेली ही पातळ कुरकुरीत भजी. जवळ्याची भजी खाल्लेल्याला पहिल्या घासातच ओळख पटेल. ती खाऊन दोन किल्ल्यांमधल्या ला कालेता या छोट्या किनाऱ्यावर मावळतीला बसावे. जेम्स बाँडच्या २००२ मधील ‘डाय अनदर डे’ या चित्रपटात हाच किनारा हवाना म्हणून दाखवला आहे. पूर्वेचा ‘लेवांते’ वारा सुटला असेल तर मात्र बसण्याचा नाद सोडावा.

आणि आता कार्निव्हल. लेंट या उपवासकाळाआधीचा हा उत्सव गोव्यातही होतो, पण कादिझचा कार्निव्हल पाहण्यापेक्षा ऐकण्याचा आहे. शिमग्याची सोंगे, शाहिरांचा डफ आणि तमाशातली बतावणी एकत्र केली तर त्याची थोडी कल्पना येईल. गाणारी मंडळे चार प्रकारची. दहा-बारा जणांची ‘चिरिगोता’ थट्टेखोर. ‘कोम्पार्सा’ अधिक गंभीर, सुरेल. ‘कोरो’ मोठा, तंतुवाद्यांच्या ताफ्यासह गाड्यावर बसून गाणारा. ‘क्वार्तेतो’ हे नाव चौकडीचे असले तरी त्यात तीन ते पाच जण असतात आणि ते गाण्यापेक्षा संवादांवर भर देतात. वेषभूषा, चाली, शब्द, सगळे दरवर्षी नवे. गेल्या वर्षातला एकही नगरसेवक, मंत्री, बिशप किंवा शेजारी सुटत नाही. लाल विटांच्या फाया नाट्यगृहात आठवडेच्या आठवडे स्पर्धा चालते आणि अंतिम फेरी पहाटेपर्यंत लांबते.

या गाण्यांतून शहर आपली आठवण जपते. १९०४ मध्ये किनाऱ्याच्या वाळूत चांदीची जुनी नाणी सापडली आणि सारे गाव हातांनी वाळू उकरू लागले. पुढच्याच वर्षी ‘तिओ दे ला तिसा’ या टोपणनावाच्या रचनाकाराने त्यावर तांगो रचला. आज तो शहराचे गीतच होऊन बसला आहे. अशा तोंडाळ उत्सवाची सत्तेला भीती वाटणे साहजिक होते. १९३७ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हलवर बंदी घातली. गाणी घराघरांत आणि मद्यालयांच्या मागच्या खोल्यांत गेली. १८ ऑगस्ट १९४७ रोजी नौदलाच्या सुरुंगांच्या कोठारात स्फोट होऊन सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. खचलेल्या गावाला धीर यावा म्हणून त्यानंतर गव्हर्नरने मंडळांना गाऊ दिले, असे सांगितले जाते. परवानगी मिळाली ती ‘पारंपरिक उत्सव’ या सोज्वळ नावाने, आणि शब्द सेन्सॉरने तपासल्यावर. पुढे तो मे महिन्यातही ढकलला गेला. खरे नाव आणि फेब्रुवारी महिना परत मिळाला तो १९७७ मध्ये.

आजचा धोका बंदीचा नाही, घरभाड्याचा आहे. जहाजबांधणी आटली, नोकऱ्या गेल्या. तीन बाजूंनी पाणी असल्याने शहराला वाढायला जागा नाही. १९९० च्या सुमारास दीड लाखाहून अधिक असलेली लोकसंख्या आता एक लाख अकरा हजारांच्या आसपास उतरली आहे. प्रवासी जहाजांतून उतरलेली गर्दी सकाळी गल्ल्या भरते आणि जुन्या वस्त्यांतली घरे पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी रिकामी होत आहेत. ला विन्यातील मुलगा लग्नानंतर खाडीपलीकडे राहायला जातो आणि तालमीला पूल ओलांडून येतो. मंडळे यावरही गाणी रचतात, आणि ती ऐकायला त्याच घरांत उतरलेले पाहुणे टाळ्या वाजवत उभे असतात.

कार्निव्हलसाठी जायचे तर राहण्याची सोय काही महिने आधी करावी, किंवा सेव्हिल अथवा हेरेस येथे मुक्काम करून रेल्वेने ये-जा करावी. फाया नाट्यगृहाचे तिकीट मिळणे कठीण. ते न मिळाल्याची फार खंत मात्र करू नये. स्पर्धेत नाव न नोंदवलेली मंडळे ‘बेकायदा’ म्हणून ओळखली जातात. रात्री ती कुठल्याही पायरीवर, कुठल्याही कोपऱ्यावर उभी राहून गातात, आणि त्यांचे विनोद स्पर्धेतल्यांपेक्षा तिखट असतात असे जाणकारांचे मत आहे. रविवारी दुपारी कोरोंचे गाडे बाजाराभोवती फेऱ्या घालतात. गाण्यांची छापील पुस्तिका तेथेच विकत मिळते. स्पॅनिश येत नसले तरी ती घ्यावी. शेजारी उभा असलेला कुणीतरी बोट ठेवून ओळ दाखवतो.