काउंटी कोर्टांचे न्यायाधीश

इंग्लंडांत १८४६ पूर्वीं लहान दुकानदारास आपलें १० पौंडांचें येणें वसूल करावयाचें, तर दाव्याचा खर्चच पुष्कळदां येण्याहून वरचढ होई. लॉर्ड ब्रूहॅमचें स्थानिक न्यायालयांचें विधेयक उमरावसभेनें १८३३ मध्यें फेटाळलें. अखेर १८४६ च्या कायद्यानें काउंटी कोर्टें स्थापन होऊन देशाचे ६० विभाग पडले. न्यायाधीश आपल्या विभागांत गांवोगांव फिरून २० पौंडांपर्यंतचे दावे ऐकूं लागले. १८५० सालीं ही मर्यादा ५० पौंड झाली, व १९०३ च्या कायद्यानें १००. अधिकार वाढविणें लेखणीच्या एका फटकाऱ्याचें काम. न्यायाधीश वाढविण्यास मात्र तिजोरी उघडावी लागते. ती न उघडल्यास न्याय दाराशीं येऊनही उंबरठ्यावरच तिष्ठत राहतो.