क्यूबेकचा पूल आणि नेरचा सिव्हिलवाला

नेरहून अमरावतीला किंवा यवतमाळला सिव्हिल शिकायला जाणारे बरेच जण आपल्याला ऐकतात. आजचा भाग खास त्यांच्यासाठी. विषय आहे, पोरांनी बांधलेले स्टीलचे पूल.

ही स्पर्धा सुरू झाली १९८७ साली, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात. १९९२ पासून ती तिथं देशपातळीवर होते. पूल साधारण सहा मीटरचा. तुकडे आधी बनवून आणायचे आणि घड्याळ लावून नट-बोल्टनं जोडायचे. मग त्यावर सुमारे ११३४ किलो वजन चढवायचं आणि पूल किती वाकला ते मोजायचं. हलका, ताठ आणि झटपट उभा राहणारा पूल जिंकतो. आपल्याकडेही कोलकात्याची इन्सडॅग ही संस्था विद्यार्थ्यांसाठी स्टील डिझाइनच्या स्पर्धा घेत आली आहे.

आता तुम्ही म्हणाल, वाकण्याचं एवढं काय? त्यासाठी कॅनडात जाऊ.

सेंट लॉरेन्स नदीवर क्यूबेकचा पूल बांधला जात होता. मधला गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता, तो पुढे १८०० फूट केला. गाळा वाढला म्हणजे पुलाचं स्वतःचं वजनही वाढणार. पण ते वजन वेळेत नव्यानं काढलंच नाही! ऑगस्ट १९०७ मध्ये जागेवरच्या इंजिनिअरला खालचे दाबातले भाग वाकलेले दिसले. तो सल्लागार थिओडोर कूपर यांना भेटायला न्यूयॉर्कला गेला. आणखी वजन टाकू नका, अशी तार कूपर यांनी केली, पण पुलावरचं काम काही थांबलं नाही. २९ ऑगस्टच्या संध्याकाळी पूल कोसळला. ७५ कामगार गेले.

यातलं शास्त्र घरी करून बघा. प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी ओढा, काही होत नाही. तीच दाबा, लगेच बाजूला फुगते. ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकातच हिशेब मांडला होता: अशा सडपातळ दांड्याची लांबी निम्मी केली, की तो चौपट दाब सोसतो. म्हणून तर पुलात तिरक्या पट्ट्या घालून लांब दांडे मध्येच बांधून टाकतात. क्यूबेकमध्ये या बांधणाऱ्या पट्ट्याच कमजोर पडल्या.

नव्यानं बांधतानाही १९१६ मध्ये मधला भाग नदीत पडला आणि १३ जण दगावले. अखेर १९१७ मध्ये पूल पूर्ण झाला, आणि तो आजही उभा आहे.

हे सगळं लांबचं वाटतंय? १५ जून २०२५, रविवार. मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट कोसळला. चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं लावलेला होता. म्हणजे इशारा होता, पण माणसं थांबली नाहीत. क्यूबेकसारखंच की हो!

म्हणून ही स्पर्धा मला नुसता खेळ वाटत नाही. सहा मीटरचा पूल वाकला तर फार तर बक्षीस जातं. पण गाळा बदलला की वजन पुन्हा काढायचं, आणि दांडा वाकलेला दिसला की काम तिथंच थांबवायचं, ही सवय हातात बसते. उद्या तुम्ही एखाद्या नाल्यावरच्या पुलावर सही कराल, तेव्हा खालून-वरून जाणारी माणसं त्याच सवयीवर विसंबून असतील.

तर मित्रांनो, कॉलेजात टीम बनवताय? पहिलं डिझाइन कागदावर काढा, आणि त्यातले दाबातले दांडे आधी लाल पेनानं रंगवा. कोणते निघाले ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!