.२२ पिस्तुलावर रेड डॉट: कसा बसवायचा, झिरो कसा करायचा आणि घेण्याआधी काय तपासायचं?

रील्समध्ये तुम्ही पाहिलंच असेल: पिस्तुलावर छोटी काच, काचेत लाल ठिपका, आणि ठिपका जिथे तिथेच गोळी. बघायला एकदम सोपं वाटतं.

इथे रत्नागिरीत माझा आतेभाऊ एअर पिस्तुलाचा सराव करतो. त्याने साठवलेल्या पैशांतून असाच एक रेड डॉट ऑनलाइन मागवला आणि दोन महिने त्यावरच सराव केला. स्पर्धेच्या दिवशी तपासणीत तो काढायला लावला. साध्या साइटची सवय मोडलेली, त्यामुळे स्कोअर पार घसरला. पैसे गेले त्यापेक्षा ते दोन महिने गेल्याचं त्याला जास्त लागलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून आधी नियम, मग बाकीचं.

आधी हे वाचा: नियम काय सांगतो?

ऑलिम्पिकमधली नेमबाजी आयएसएसएफच्या नियमांनी चालते. १० मीटर एअर पिस्तूल असो की .२२ चं २५ मीटर पिस्तूल, दोन्हींत फक्त ओपन साइट चालते, म्हणजे पुढे उभी पट्टी आणि मागे खाच. काच, भिंग, लाल ठिपका काहीही चालत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते ओपन साइटवरच. तिथे अचूक नेमाच्या टप्प्यात दहा गुणांचं वर्तुळ फक्त ५० मिलिमीटरचं असतं!

मग रेड डॉट कुठे चालतो? अमेरिकेतल्या बुल्सआय आणि स्टील चॅलेंज प्रकारांत .२२ पिस्तुलावर तो सर्रास वापरतात. म्हणून खरेदीआधी कोचला एकच प्रश्न विचारा: मी खेळतो त्या प्रकारात हा चालतो का?

दुसरी गोष्ट कायद्याची. .२२ पिस्तूल हे परवान्याचं शस्त्र आहे. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करण्याच्या कामालाही परवाना लागतो. म्हणजे ओळखीच्या लेथवाल्याकडून भोक पाडून घेणं हा पर्यायच नाही. ते काम परवानाधारक गनस्मिथचं.

रेड डॉट काम कसं करतो?

यात लेझर नसतो. एक छोटा एलईडी समोरच्या वक्र काचेवर प्रकाश टाकतो. त्या काचेवर खास थर असतो. तो लाल प्रकाश डोळ्याकडे परत पाठवतो आणि बाकीचा उजेड आरपार जाऊ देतो. परत येणारे किरण समांतर असल्यामुळे ठिपका काचेवर नाही, तर लांब लक्ष्यावर तरंगतोय असं दिसतं. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये असा पहिला इलेक्ट्रॉनिक साइट बाजारात आणला.

ओपन साइटमध्ये नजर पुढच्या पट्टीवर ठेवावी लागते, लक्ष्य थोडं अस्पष्ट दिसतं. रेड डॉटमध्ये नजर थेट लक्ष्यावर, दोन्ही डोळे उघडे. दोन्हींची सवय वेगळी. आतेभावाचा घोळ नेमका इथेच झाला.

.२२ ला फायदा काय?

.२२ हे रिमफायर काडतूस आहे. पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर आपटते. गोळी साधारण २.६ ग्रॅमची, त्यामुळे झटका कमी आणि काचेवर ताणही कमी. शिवाय रुगर मार्क ४ सारख्या पिस्तुलात नळी आणि वरचा सांगाडा स्थिर राहतो, फक्त आतला बोल्ट मागेपुढे होतो. साइट त्या स्थिर भागावर बसते, म्हणून हलत नाही. ज्या पिस्तुलात साइट सरकत्या स्लाइडवर बसते, तिथे प्रत्येक गोळीला तिला हिसका बसतो.

बसवायचा कसा?

१. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसं त्या टेबलावर नकोतच.
२. रेल कोणती ते बघा. एअरगन आणि काही .२२ वर ११ मिलिमीटरची डोव्हटेल असते, बाकी अनेकांवर रुंद विव्हर किंवा पिकाटिनी रेल. माउंट त्याच मापाचा हवा.
३. रेल आणि स्क्रूवरचं तेल पुसून काढा.
४. माउंट खाचेत पुढे ढकलून बसवा, म्हणजे झटक्याने सरकायला जागा उरत नाही.
५. स्क्रू आलटून पालटून, कंपनीने दिलेल्या टॉर्कइतकेच आवळा. निळं थ्रेडलॉकर एक थेंब पुरे. लाल लावू नका, ते सहज सुटत नाही.
६. स्क्रू आणि माउंटवर पेनाने एक आडवी रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू सैल झाला.

झिरो करायचा कसा?

झिरो म्हणजे ठिपका जिथे, गोळी तिथे. हे फक्त मान्यताप्राप्त रेंजवर, कोचसमोर करायचं.

साइटचा प्रत्येक क्लिक एमओएमध्ये मोजतात. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १० मीटरवर तो २.९ मिलिमीटर भरतो, २५ मीटरवर ७.३.

आधी १० मीटरवर सुरुवात करा. मनगटाखाली वाळूची पिशवी घ्या, नळी टेकवू नका. पाच गोळ्या मारा. एका गोळीवरून क्लिक फिरवायचा नाही, पाचांचा मध्य शोधायचा. कागद गोळा केल्यावर शेजारी पट्टी ठेवून सरळ वरून मोबाइलने फोटो काढा, माप घेणं सोपं जातं.

१० मीटरवर गोळ्या ठिपक्याच्या किंचित खाली लागू द्या. कारण साइट नळीपेक्षा वर असते. साइट ३.५ सेंटिमीटर वर आणि गोळीचा वेग सेकंदाला २८० मीटर धरला, तर २५ मीटरला झिरो असलेलं पिस्तूल १० मीटरवर साधारण १.२ सेंटिमीटर खाली मारतं.

मग २५ मीटरवर जा. समजा ग्रुपचा मध्य ४४ मिलिमीटर खाली आणि २२ मिलिमीटर डावीकडे आहे. ४४ ला ७.३ ने भागा: ६ एमओए. २२ ला भागा: ३ एमओए. तुमचा क्लिक १ एमओएचा असेल तर ६ क्लिक वर, ३ क्लिक उजवीकडे. क्लिक अर्ध्या एमओएचा असेल तर दुप्पट. पुन्हा पाच गोळ्या मारून खात्री करा. काडतुसाचा ब्रँड बदलला तर झिरो पुन्हा तपासा.

नेहमी येणाऱ्या अडचणी

*ठिपका गोल न दिसता फाटलेला दिसतो?* मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून बघा. कॅमेऱ्यात गोल दिसला तर साइट ठीक आहे, डोळे तपासून घ्या. ॲस्टिग्मॅटिझम असू शकतो. आधी ब्राइटनेस कमी करूनही बघा.

*ग्रुप रोज वेगळ्या जागी?* आधी स्क्रूवरची रेघ बघा, मग साइटला दोष द्या.

*कोकणातला पावसाळा?* खाऱ्या, दमट हवेत स्क्रू गंजतात आणि काचेवर वाफ धरते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, काच मायक्रोफायबरनेच पुसा. अनेक मॉडेल्समध्ये सीआर२०३२ बॅटरी लागते, तीच जी कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर असते. एक जादा ठेवा.

आतेभाऊ आता पुन्हा ओपन साइटवर आलाय. रेड डॉट कपाटात पडून आहे. तुम्ही "बाय नाऊ" दाबण्याआधी तुमच्या स्पर्धेचा नियम एकदा वाचा. पाच मिनिटं लागतात, त्याचे दोन महिने वाचले असते.